झुलता कॅमेरा

"ताई, पंखा काढून ठेवलाय. ओरडू नकोस."

दिवसभर वॉर्डात उभी राहून आले होते, पायातली चप्पलही काढली नव्हती. आईच्या खोलीत माझा धाकटा भाऊ स्टुलावर चढून छताच्या हुकाला दोरी बांधत होता. पंखा कॉटखाली.

"एवढ्या उकाड्यात आईचा पंखा काढलास?"

"आर्ट व्हिडिओ आहे, ताई. कॅमेरा झुलणार. आईची आठवण कशी ये-जा करते, तशीच ती फ्रेममध्ये येणार, जाणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. साहेब वर्षाने उगवले होते. परवा त्यांनी कॅमेरा आईच्या वॉकरला उलटा बांधला, काल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिच्या अंघोळीच्या बादलीत बुडवला. आईकडे बघायचं ते कॅमेऱ्यातूनच. मी कानीकपाळी ओरडत होते, "अरे, तिच्यासमोर नुसता बस. माणसं विसरत चाललीये ती. तुला ओळखतेय तोवर तरी बस!"

"बसतो गं. हा शेवटचा शॉट."

भिंतीवर आपटू नये म्हणून त्याने कॅमेरा टॉवेलात गुंडाळला, लेन्स तेवढी उघडी ठेवली आणि दोरीला टांगून झोका दिला. कॉटवर बसलेली आई बघत राहिली. झोका मंदावला तसा भावाने हात पुढे केला, पण त्याच्या आधी आईचाच हात पोचला. तिने हलकेच झोका दिला. मग टॉवेलाचं टोक ओढून लेन्स झाकली.

"आई! सगळा शॉट घालवलास!"

आईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"कोणाचा?"

तिने भावाचं लाडाचं नाव घेतलं. त्या नावाने तिच्याखेरीज त्याला कोणीच हाक मारत नाही.

भावाचा चेहरा पांढरा पडला. इतके दिवस मी घसा फोडून सांगत होते, तो आता तिच्यासमोर गुडघे टेकून बसला.

"आई, मी आहे. तो मीच आहे. बघ ना माझ्याकडे."

आईने बघितलं. दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं. मग पदर सारखा केला आणि सरकून कॉटवर जागा केली.

"खाली का बसलात? वर बसा. उठेल तो एवढ्यात."

भाऊ कॉटच्या कडेला अंग चोरून बसला. आई झोका देत राहिली.