हरणीची गोफण

हरणीला हत्यार कुठलं द्यायचं, याच विचारात प्रांजलची दिवाळीची सुट्टी गेली. हरणी म्हणजे तिचं खेळातलं पात्र, अंगाने काटकुळी आणि पायाने चपळ. २००९ साली अवसरी खुर्दच्या कॉलेजातली काही मुलं-मुली दर रविवारी दुपारी रोहिदासच्या भाड्याच्या खोलीवर जमू लागली होती. रोहिदास गोष्ट रचत जाई, बाकीचे आपापलं पात्र चालवत आणि लढाईचा निकाल फासे देत. मेलेलं पात्र परत येत नसे, हा रोहिदासचा नियम.

पुण्याहून आणलेल्या नियमांच्या झेरॉक्समध्ये चपळ लढवय्यांसाठी नाना हत्यारं होती. काटेरी साखळी, जाळं, दोन पात्यांची तलवार. असल्या खास हत्याराची तालीम एका पात्राला एकदाच मिळे; साध्या तलवारीला ती लागत नसे. प्रांजलने गोफण मागितली.

"मेंढरं वळायचीत का?" रोहिदासने विचारलं.

"आमच्या आजीसमोर उभा राहा, मग बोल."

बरीच हुज्जत झाल्यावर त्याने गोफण मान्य केली. दर रविवारी हरणी लांबूनच शत्रू पाडू लागली.

जानेवारीत प्रांजलने रूममेट अश्विनीला जुन्नरकडच्या आपल्या गावी हुरड्याला नेलं. अश्विनी त्याच खेळात वाटाड्याचं पात्र चालवी. प्रांजलची आजी म्हाळसाबाई ज्वारीतल्या माळ्यावर उभी राहून पाखरं हाकत होती. तिने अश्विनीच्या बोटात गोफणीचा फास अडकवला. "हात मोकळा फिरव, बाय. भिऊ नगंस." दगड मागेच पडला. तिघी पोट धरून हसल्या.

बांधावरून परतताना अश्विनीने विचारलं, "ही कुठं चालत नाय गं?"

"डोक्यावर मोकळं नसलं की संपलं. झाडाखाली, अडचणीत दोरीच फिरत न्हाई." प्रांजलने सहज सांगून टाकलं. आपल्या घरचा हुरडा खाल्लेल्या मैत्रिणीपासून काय लपवायचं?

फेब्रुवारीत खेळातली टोळी शत्रूच्या किल्ल्याखाली पोचली. अश्विनीच्या वाटाड्याने बाकीच्यांना दरवाजाकडे पाठवलं आणि हरणीला म्हटलं, "तू माझ्यासंगं चल. आडवाट ठाऊक आहे मला."

हरणी गेली.

"दोन्हीकडे कडा, वर कातळ," रोहिदास सांगू लागला. "हात उचलला तर दगडाला लागतोय. समोरून भालेकरी येतायत."

"मी गोफण फिरवते."

"कुठं फिरवतेस?"

प्रांजलने अश्विनीकडे पाहिलं. "मागं फिरू."

"मी मागची वाट अडवते," अश्विनी म्हणाली.

"कोणाची?"

"तुझी."

खोलीत हशा पिकला. "लई भारी, राव," कोणीतरी म्हणालं. पुढचे फासे नावालाच पडले आणि हरणी मेली. सगळे हसतात म्हणून प्रांजलही हसली. खेळात फितुरी चालायचीच.

रोहिदास खुशीत होता. "हिला मी दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी फितूर केलंय. कुणाला पत्ता लागला का?"

प्रांजलचं हसू थांबलं. "म्हणजे हुरड्याच्या आधी."

अश्विनी फासे गोळा करू लागली. "अगं, मी नुसतं विचारलं. सांगितलंस तूच."

"आजीने तुझा हात धरून शिकवलं."

"गेम आहे, प्रांजल."

दोघींच्या खोलीवर परतताना प्रांजल दोन पावलं पुढेच चालत राहिली.

पुढच्या रविवारी रोहिदासने तिला नवीन पात्र करायला सांगितलं. अश्विनी तिच्याजवळ सरकली. "ह्या वेळी साखळी घे. चपळ पात्राला शोभेल."

"साधी तलवार," प्रांजल रोहिदासला म्हणाली.

"अगं, ती तर कुणीपण घेतं," अश्विनी म्हणाली. "तालीम वाया जाईल तुझी."

"जाऊ दे," प्रांजल म्हणाली. "ती कुठं चालत नाही, ते तुला सांगावं लागणार नाही."