आठ दिव्यांतली आई

शिंप्याच्या दुकानात आज एकही कपडा शिवला जात नव्हता, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. कापडं बेतायच्या टेबलावर एक लाकडी फळी, तिच्यावर तारांचं जंगल आणि पुढे आठ लाल दिवे. मृतांशी बोलतो म्हणणाऱ्या तरंगबाबांनी तळहात जवळ नेला आणि दिवे भराभर नाचू लागले. भराभर हातही जोडले गेले.

"आठ दिवे, आठ दिशा! माउली आठही दिशांनी आली आहे!" बाबा गरजले. "सांग माउली, यांचं ऑपरेशन करायचं का?" आणि हात अलगद मागे घेतला. दिवे जागच्या जागी थांबले. "बघा! नको म्हणतेय."

शिंपीअण्णांनी डोळे पुसले. हृदयाची नळी तुंबलेली, डॉक्टरांनी उद्याची वेळ दिलेली. पण गेलेली बायकोच नको म्हणत असेल तर डॉक्टर कोण लागून गेला?

कोपऱ्यात अण्णांची मुलगी उभी होती. फळीवरचा हा आठ बिटांचा, दर बिटाला एक दिवा असलेला कॉम्प्युटर तिने सुटे भाग आणून, एकेक तार जोडून बनवायला घेतला होता. आई शेजारी बसून आकृती वाचून दाखवायची. एक तार लावायची राहिली आणि आईला दवाखान्यात न्यावं लागलं. आई परत आलीच नाही. मुलीने मग फळीला हात लावला नाही. अण्णा मात्र रोज तिथे बसायचे, आणि त्यांचा हात जवळ गेला की दिवे हलायचे. एवढ्या भांडवलावर बाबांनी दुकान थाटलं. मुलीला सगळं कळत होतं. पण आई गेल्यापासून अण्णा पहिल्यांदाच हसले होते, म्हणून ती मूग गिळून गप्प होती. आज गप्प बसली असती तर अण्णाही गेले असते.

तिने घरातून मिक्सर आणून त्याचा प्लग लावला, भिंतीवरचं बटण दाबलं आणि हात दूर ठेवून लाकडी पट्टीने त्याची वायर फळीकडे सरकवली. दिवे बाबांच्या हातापेक्षा जोरात नाचले.

"अरेच्चा! मिक्सरच्या अंगात कोण आलं?" गर्दीतून कोणीतरी फिसकन हसलं.

"कोणी नाही," मुलगी म्हणाली. "ही तार मोकळी राहिलीय. मोकळी तार आजूबाजूच्या विजेचा परिणाम हवेतून पकडते. आपल्या अंगावरही तो असतो, म्हणून हात नेला की दिवे हलतात. कोणाचाही हात."

"पोरी, शंका घेतलीस की आत्मा दुखावतो!"

"दुखावू दे." तिने तारेचं टोक जागच्या जागी बसवलं. "आता न्या हात."

बाबांनी एक हात नेला, मग दोन्ही नेले, काहीबाही पुटपुटले. दिवे ढिम्म. थोड्या वेळाने पाहावं तर बाबांनी झोळीसकट पोबारा केला होता.

"म्हणजे ती नव्हतीच?" अण्णांनी विचारलं. "मी रोज बोलत होतो तिच्याशी."

"नव्हती, अण्णा."

"मग कशाला लावलीस ती तार? राहू द्यायची होतीस गं." ते लहान मुलासारखे रडले. तीही रडली. आईला आज आपणच पुन्हा पोचवून आलो, असं तिला वाटलं.

बाकीची गर्दी पांगली, तरी एक म्हातारी अजून दारात उभी होती. "माझ्या लेकाला एकदा विचारायचं होतं हो."

अण्णा कसेबसे उठले. "ताई, यात कोणी बोलत नाही. विजेचा खेळ आहे. माझी बायको गेली, तुमचा लेकही गेला. रडा, मीही रडतोय. पण कोणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, हे होतं कसं? गेलेल्यांच्या नावाने जिवंत माणसं घालवू नका."

मग मुलीकडे न बघताच ते म्हणाले, "चल, उद्या ऑपरेशन करायचं म्हणून डॉक्टरांना सांगून येऊ. तुला एकटीला टाकून नाही जायचं मला."