चौथी शिट्टी

सासूबाईंचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं, ते म्हणजे कुकर. लग्न होऊन मी पंचवटीतून ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या या वाडीत आले, तेव्हा आईने तो हौसेने दिला होता. पण गेला महिनाभर माझी डाळ एक दिवस शिजायची, दोन दिवस नाही. "चूल शिट्ट्या मारत नाय, डाळ शिजवते," सासूबाई म्हणायच्या.

श्रावणात आमच्याकडे पहिल्यांदाच पाहुणे जेवायला येणार होते. पक्षी बघणारी चार माणसं, दोन दिवस ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर शोधून दमलेली. सासूबाईंनी बजावलं, "आज डाळ कच्ची राहिली, तर कुकर माळ्यावर." मीही तोऱ्यात हो म्हटलं.

कुकर चढवून मी ओसरीवर कांदा चिरायला बसले. एक शिट्टी. दोन. तिसरी आणि चौथी पाठोपाठ. गॅस बंद केला, वाफ जिरल्यावर फोडणी घातली आणि ऐटीत वाढलं.

पाहुण्यांतल्या रविराजने घास घेतला आणि चावत राहिला. चावतच राहिला. "छान आहे," तो बिचारा म्हणाला. सासूबाई शिडी आणायला उठल्या. मला रडूच येत होतं.

तेवढ्यात मागच्या दारी शिट्टी झाली. कुकर तर माझ्यासमोर उघडा पडला होता!

रविराज खरकट्या हाताने धावला, मागोमाग आम्ही सगळे. पाण्याच्या टाकीवर गडद निळा, तुकतुकीत पक्षी बसला होता, कपाळावर झगझगीत निळी टिकली. त्याने अस्सल कुकरची शिट्टी मारली आणि मग उनाड पोरासारखी आपली लांबलचक शीळ घातली.

"बघा, कुकर निर्दोष आहे!" मी ओरडले.

सासूबाई शिडी टाकून चुलीशी गेल्या आणि डाळ पुन्हा शिजत टाकली. रविराजने विचारलं, "मावशी, हा इथे कधीपासून?"

"लय वर्सं झाली. ही शिट्टी मातर कुकर आल्यावर शिकलं. मधीमधी घालतंय दोन-तीन."

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी म्हटलं.

"तू कुठं इचारलं?"

असा संताप आला म्हणता! पण फुंकणी फुंकता फुंकता त्यांना हसू आवरत नव्हतं, मग मलाही आवरेना.

कुकर माळ्यावर गेला नाही, एवढं मी जिंकले. जेवणं तासभर उशिरा झाली. पाहुण्यांनी डाळ तीनतीनदा मागून घेतली, आणि ती चुलीवरची आहे, हे सासूबाईंनी प्रत्येक वाढणीला सांगितलं.