मुरमुऱ्यातली माशी

भिवापूरच्या अलीकडे नाल्याला एक डोह आहे. तिथले कतला मासे मुरमुऱ्यांना चटावलेले, कारण पुलावरून येणारे-जाणारे टाकत असतात. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसं-धागे बांधून कीटक बनवतात, त्याला माशी म्हणतात. खुशीनं मात्र पांढऱ्या फोमची, हुबेहूब मुरमुऱ्यासारखी माशी बांधली. बांधताना लावलेल्या गोंदाच्या वासानं कतले तोंड फिरवतात अशी तिला शंका होती, म्हणून ती माशी तिनं मुरमुऱ्यांच्याच पिशवीत मुरवत ठेवली.

आजोबांना घेऊन डोहावर पोचल्यावर गळाच्या काठीत दोरी ओवून तिनं पिशवीकडे हात नेला, तर पिशवी आजोबांच्या मांडीवर. कवडूआबाजी पळसाखाली बसून फक्के मारत होते. तिनं उरलेले मुरमुरे ओढणीवर ओतले, एकेक दाणा चाळला. माशी नव्हती.

"आबाजी, याच्यात माशी होती."

"असंन. एका माशीनं काय होते? वावरात जन्म गेला माहा, किती गेल्या असतीन पोटात."

"तशी नाही. गळाची. आत काटा आहे."

आबाजींचा जबडा थांबला. "मुरमुऱ्यात काटा काहून ठेवला वं?"

याचं शास्त्रीय उत्तर तिच्याकडे होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. घशात टोचतंय का, तिनं विचारलं. ते आधी नाही म्हणाले, मग थोडंसं म्हणाले, मग म्हणाले, तू विचारलं तवापासून टोचून राहिलं.

तिनं त्यांना पाणीही पिऊ दिलं नाही. स्कूटरवर मागे आबाजी तिचा खांदा घट्ट धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्यात तिला आतड्यात वळणारा काटा दिसायचा, की ती वेग कमी करायची. आणि मग उशीर होतोय या भीतीनं पुन्हा वाढवायची.

भिवापुरात एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी घसा, छाती, पोट, सगळं दाखवलं. लोखंड पांढरं उठून दिसलं असतं, म्हणाले. काहीच नव्हतं. खुशीनं त्यांना पुन्हा एकदा बघायला लावलं.

बाहेर टपरीवर आबाजींनी चहा घेतला.

"मंग गेली कुठं ते माशी?"

खुशीचा चेहरा उतरला. पाण्यात मुरमुरे टाकले होते का, असं तिनं हळूच विचारलं.

"दोन मुठी. तू दोरी ओवून राहिली होती ना, तवा. कसे धावून आले! तूच मन्ते, पकडून सोडून द्याचे. मनलं, तोवर खाऊ घालू."

दोरीवरचा मासा हातात येतो, काटा काढून परत पाण्यात जातो. या काट्याला दोरी नव्हती.

"फोम तरंगतो," ती म्हणाली, स्वतःलाच समजावल्यासारखी. "काठाला लागला असेल."

आबाजींनी चहा अर्धा ठेवला आणि स्कूटरवर मागे जाऊन बसले.

"अन् खाल्ला असंन तं?"

खुशीनं किल्ली फिरवली आणि स्कूटर नाल्याकडे वळवली.