भिंतीवरची चाळणी

बसमधून एकही बाई उतरली नाही.

दारात इरिनी उभी होती, हातात गाइडची खूण म्हणून मिटलेली लाल छत्री. गाइडचा परवाना कोरा करकरीत, आणि पहिल्याच सहलीला गिऱ्हाईक कोण, तर नकादा गावातल्या तिच्याच गल्लीतल्या बायका! चर्चची सहल मठाला निघाली होती. वाटेत फारोंच्या काळचं दंदराचं देऊळ बघू, असं तिनंच धर्मगुरू अबूना बिसेंतींना पटवलं होतं.

"फारोच्या मूर्तींशी आपलं काय काम?" कोबीच्या भरल्या पानांचं पातेलं मांडीवर घट्ट धरून बहीगामावशी म्हणाल्या. "माझी पानं गार होतायत."

पहिल्या बाकावरून सासू, इस्तिर, हसली. "छत्री दाखवून शेळ्या हाकायला एवढं शिकलीस होय गं? ठरलंय ना आपलं? आज जमलं नाही तर छत्री माळ्यावर."

ठरलं होतं खरं. नवऱ्याची, वगीहची, आईपुढे दातखीळ बसायची, त्यामुळे अपील करायची सोयच नव्हती.

"बरं," इरिनी गोड आवाजात म्हणाली. "थेट मठात जाऊ. फक्त सांगून ठेवते मावशी, आता मठापर्यंत कुठेही संडास नाही. इथे आहे. स्वच्छ आहे."

बघता बघता बस रिकामी झाली. पातेलंसुद्धा उतरलं.

संडासाकडून परतताना इरिनीनं सगळ्यांना अंगणातल्या पडक्या भिंतींतून वळवलं. "हे आपलं चर्च. फार जुनं."

"देवळाच्या अंगणात?" बहीगामावशींनी लगबगीनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"दगड तयार होता, शेजार ओळखीचा होता. कशाला लांब जातील आपली माणसं?"

"आणि हा शेजारी कोण?" इस्तिरनं बाजूच्या इमारतीकडे हनुवटी उडवली.

"बाळंतिणीचं घर, आई. या ना आत."

आत भिंतीवर कोरलेली बाळंतीण होती, बाळ होतं आणि कोल्ह्याच्या तोंडाचा एक देव काहीतरी मोठं, वाटोळं धरून वाकला होता. इस्तिर तिथेच थबकली. गल्लीतल्या प्रत्येक पोराला सातव्या दिवशी चाळणीत घालून हलवायचं, कानाशी खलबत्ता वाजवून "आईचं ऐक, आजीचं जास्त ऐक" असं बजावायचं, हा मान तिचाच.

"हा चाळणी घेऊन काय करतोय?"

याच प्रश्नासाठी तर इरिनीनं सगळी सहल रचली होती. आवाज मात्र थंडगार. "कुणी म्हणतं चंद्र आहे. कुणी म्हणतं चाळणी. तुम्हाला काय वाटतं?"

"चाळणीच. असंच वाकावं लागतं, नाहीतर कंबर धरते." इस्तिर भिंतीपाशी गेली. त्या वाटोळ्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आपण तेव्हापासूनच हलवतोय गं पोरांना."

बहीगामावशींनी पातेल्याचं झाकण वाजवलं. टणटण! दुसरीनं जीभ वळवून आनंदाची लांबलचक किलकारी दिली, तिला बाकीच्यांनी साथ दिली आणि ते दगडी घर बारशासारखं दुमदुमलं. बाहेर अबूना घड्याळ दाखवत होते. कोण बघतंय?

"ती छत्री आण इकडे," इस्तिर म्हणाली.

गेली माळ्यावर, इरिनीला वाटलं. तिनं छत्री दिली.

इस्तिरनं ती मिटलेलीच डोक्यावर उंच धरली. "चला गं, रेंगाळू नका. मोठं देऊळ राहिलंय अजून. सून सांगेल, नीट ऐका."

देवळाच्या दारापर्यंत छत्री काही खाली आली नाही.