आळीतली शेवटची पिशवी

आमच्या आळीत चाळिशी ओलांडलेली आणि तरीही पिशवी शाबूत असलेली बाई एकच आहे. माझी आई. गर्भाशयाला आमच्याकडं पिशवी म्हणतात, त्यामुळं ती काम झालं की घडी घालून ठेवायची वस्तू वाटते. बाकीच्यांनी आपापल्या सोयीनं काढून टाकल्या, कुणी भातकापणीनंतर, कुणी लेकीच्या लग्नाआधी. आईला बायका विचारतात, "अजून हाय व्हय?" घरात अजून तारेचा फोन असल्यासारखं.

आईचं नाव शालन, वय अठ्ठेचाळीस. गेल्या वर्षी तिची पाळी वेल्ह्याच्या एसटीसारखी झाली. येईल म्हणून थांबावं तर येत नाही, गेली म्हणून निघावं तर दारात उभी. बरोबर घाम. ऐन थंडीत पहाटे आई अंगणात उभी राहून वाफाळायची. आप्पा म्हणाले, "म्हैस बी येवडी वाफ सोडत न्हाई." आईनं त्यांना भाकरी फेकून मारली. ती म्हशीनं खाल्ली. झोप तर आईची पार गेली होती.

मी तिला नसरापूरला डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की पाळी जायच्या आधीची वर्षं अशीच असतात, अंगातली हार्मोन्स कमीजास्त होतात, ती आपण बाहेरून देऊ. दंडाला रोज जेल लावायचं आणि महिन्यातले ठरलेले दिवस रात्री एक गोळी. गोळ्या संपल्या की पाळी येईल. सुरुवातीला मधेच अंगावरून जाईल, घाबरायचं नाही, पण मला सांगायचं.

जेल लागू पडलं. आई झोपायला लागली. घोरायलाही लागली. आप्पांना ते घोरणं आवडलं, कारण तेवढा वेळ भाकरी येत नाही. पाळी मात्र आणखीच बिथरली.

आमच्या घरात पाळी पाळतात. म्हणजे आज्जी पाळायला लावते. ते दिवस बाई पडवीतल्या बाजेवर बसते, चूल आणि देव दोन्हींना शिवत नाही. आता रोज सकाळी आज्जी विचारायची, "शालन, आज आत का भाईर?"

"मला काय म्हाईत?" आई म्हणायची, आणि ते खरं होतं. सकाळी ती आत असायची, दुपारी बाहेर. एकदा पुरण शिजेपर्यंत आत होती आणि कणीक मळायच्या वेळी बाहेर. पुरण चालतं का, यावर आज्जीनं बराच विचार केला. शेवटी पुरण चाललं आणि पोळ्या लाटायला आप्पांना बसवलं. पोळीला कोपरे असू शकतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरबाईंनी जेल कमी करून पाहिलं. काही फरक नाही. मग गोळ्यांचे दिवस वाढवले, तर घोळच वाढला. पुन्हा सोनोग्राफी केली, अस्तर जरा जाड दिसत होतं. बाई म्हणाल्या, "हे असं व्हायला नको."

आप्पांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं. "ह्या खेपेला न्हाई बसलं तर भात निघालं की पिशवी काढून टाकू. हरभरा पेरायच्या आत बाई मोकळी." आमच्याकडं हा मुहूर्त पंचांगात नसतो, पण सगळ्यांना माहीत असतो.

"माजी हाय, ऱ्हाऊ द्या की," आई म्हणाली.

"आता कशाला पायजे?"

"ट्रॅक्टर इकला तरी तुमी ट्रॉली ठिवलीच ना?"

आप्पा अंगणातल्या ट्रॉलीकडं बघत बसले. तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.

मला मात्र आई गोठ्यात वेगळंच बोलली. "सोनिया, समद्या म्हणत्यात मोकळ्या झालो. पर कंबर धरून म्हणत्यात. मला न्हाई गं काढायची. तू त्या बाईला नीट इचार."

त्या खेपेला आज्जीही आली. "डॉक्टरला चार गोष्टी सांगायच्यात," म्हणून जीपमध्ये पुढं बसली. सारा रस्ता ड्रायव्हरलाच सांगत होती.

डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, "मागच्या महिन्यात कधी गेलं अंगावरून?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"म्या सांगते," आज्जी म्हणाली. आज्जीला तारखा कळत नाहीत, पण स्वयंपाक कुणी केला ते कधी विसरत नाही. "गेनबाच्या नातवाच्या जावळाला आमच्याकडचं कालवण म्या केलं, म्हंजी ही भाईर. फुडं घावन हिनं केलं, म्हंजी आत. मंग शेंगुळ्या परत म्या."

डॉक्टरबाईंनी कागदावर 'जावळ' लिहिलं आणि त्याच्याकडं थोडा वेळ बघितलं. "आणि गोळी कधी सुरू केली होती?"

"आत्याबाई देत्यात तवा," आई म्हणाली.

गोळ्या आज्जीच्या फडताळात असायच्या. आई विसरते म्हणून आज्जीनं ते काम अंगावर घेतलं होतं आणि आम्हाला त्याचं कौतुक होतं.

"आजी, तुम्ही कधी देता?"

"नड आसंल तवा. थांबल्यालं आसंल तर कशाला वाया घालवायची? फुडं ढकलायची गोळी ती. मला काय कळत न्हाई व्हय?"

आमच्याकडं घरात सत्यनारायण निघाला, जत्रा आली की तरण्या बायका मेडिकलमधून गोळी आणतात आणि पाळी पुढं ढकलतात. आज्जीच्या लेखी पाळीची गोळी म्हणजे ती एकच.

"मग उरलेल्या गोळ्या?" डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं.

"उरत्यात कुठं? जावळाला गेनबाच्या सुनंला दिल्या. सत्यनारायणाला ज्ञानूच्या बायकूला. जत्रंला तर आळीतल्या समद्या पोरी आल्या." आज्जी ताठ बसली. "एकीला बी भाईर बसू दिलं न्हाई म्या."

म्हणजे डॉक्टरबाई आईच्या गोळ्या वाढवत होत्या आणि आळीची जत्रा बिनविघ्न पार पडत होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, जेलनं पिशवीत अस्तर वाढतं. गोळी ते महिन्याच्या महिन्याला झाडून काढते. तुम्ही केरसुणीच वाटून टाकलीत. मग केर वाटेल तेव्हा बाहेर येणारच. आणि ही गोळी कुणालाही द्यायची नसते. एखादीला पायात, छातीत रक्ताची गाठ होईल."

आज्जी बोटांवर काहीतरी मोजायला लागली. आईनं मात्र विचारलं, "म्हंजी पिशवी?"

"तीन महिने गोळी नीट घ्या. तरी बसलं नाही तर आतला छोटा तुकडा काढून तपासू. पिशवी काढायचं कारण मला आज तरी दिसत नाही. गोळ्या संपल्यावर येईल ती पाळीही औषधानं आलेली, नेहमीसारखी नव्हे."

आईनं श्वास सोडला. टेबलावरचा कागद उडाला.

"म्हंजी अंगावरनं गेलं म्हून लगीच काढत न्हाईत?" आज्जीनं विचारलं.

"नाही. आधी तपासतात, औषध देतात."

आज्जीनं पदर सारखा केला. "मंग माजी का काढली?"

"तुम्हाला काय होत होतं?"

"अंगावरनं जायचं."

"आत काय सापडलं होतं?"

"ते कुणी सांगितलं न्हाई. हनुमंता, हिचा नवरा, तवा साळंत हुता." आज्जी आठवत राहिली. "भात निघालं हुतं."

डॉक्टरबाईंनी 'भात' लिहिलं नाही.

येताना आज्जी जीपमध्ये मागं, आमच्यात बसली. नसरापूर मागं पडल्यावर म्हणाली, "सोनिया, तुज्या मोबाईलमदी निघंल का, माजं काय झालं हुतं ते?"

"रेंज नाही आज्जी," मी म्हणाले. रेंज भरपूर होती.

घरी आल्याआल्या आप्पांनी विचारलं, "मंग तारीख कंदीची धरू?"

"आदी ती ट्रॉली इक," आज्जी म्हणाली आणि गोळ्या परत मागायला आळीत गेली. एकीनं कॅल्शियमची गोळी दिली. एकीनं वाटीभर साखर दिली. ज्ञानूची बायको म्हणाली, "फुडच्या सत्यनारायणाला फेडते." नवी पाकिटं आणावी लागली. आता रोज रात्री आज्जी आईसमोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते आणि गोळी गिळून झाल्यावर तोंड उघडायला लावते.

त्या महिन्यात गोळ्या संपल्या आणि पाळी सांगितल्यासारखी आली. आई उठून पडवीकडं निघाली.

"थांब," आज्जी म्हणाली. "ही गोळीची हाय म्हणली ना ती डॉक्टरबाई? खरी न्हाई. मंग भाईर कशाला? ये आत."

आईनं बाजेकडं बघितलं. त्या बाजेवर असली की तिला कुणी चहा मागत नाही, भाकरी मागत नाही.

"न्हाई आत्याबाई," आई म्हणाली. "मला तर खरीच वाटती."

आज्जी तिच्याकडं बघत राहिली. मग गेली आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. आप्पा शाळेत होते तेव्हापासून ती तिथं बसली नव्हती.

"आये, तू का भाईर?" आप्पांनी विचारलं.

"सांगता येत न्हाई," आज्जी म्हणाली.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी चुलीकडं बघितलं. शेवटी चहा त्यांनीच केला. चहालाही कोपरे होते.