मशेरीची डबी

शाळेत दात तपासायला डॉक्टर येणार म्हटल्यावर नववी ब च्या मुलींनी बुधवारपासूनच हसायची प्रॅक्टिस सुरू केली होती. अनुपमा सगळ्यांत पुढे. तिचे दात होतेच तसे, एका ओळीत आणि पांढरेशुभ्र. त्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून ते दाखवायला तिला निमित्त लागत नसे.

पण शुक्रवारी तिला बोलावणं आलं ते तिच्या दातांसाठी नव्हे.

"तिसरीतली प्रेमा तुझी बहीण ना? डॉक्टरबाई बोलावतायत."

चित्रकलेच्या वर्गात प्रेमा मान खाली घालून खुर्चीवर बसली होती. डॉक्टर ऑलिव्ह, दहिसर गावठाणातल्याच. फटाफट बोलायच्या.

"ही रोज दातांना काय लावते गं?"

"लाल दंतमंजन. आम्ही सगळेच तेच लावतो."

"आणि दुसरं?"

"दुसरं काही नाही!"

डॉक्टरांनी प्रेमाचा खालचा ओठ हळूच बाहेर ओढला. आतल्या बाजूला पांढुरका, सुरकुतलेला चट्टा होता, कपडे धुताना बोटं भिजून होतात ना, तसा. दातांच्या मुळाशी काळपट रेघ.

"मशेरी आहे ही. भाजलेली तंबाखू. आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडात."

"खोटं आहे!" अनुपमा इतक्या जोरात ओरडली की बाहेरच्या रांगेतल्या सगळ्या माना आत वळल्या.

डॉक्टर तिच्यावर चिडल्या नाहीत. प्रेमाला म्हणाल्या, "लावली नाही तर काय होतं गं तुला?"

"डोकं जड होतं," प्रेमा पुटपुटली. "मग पाढे आठवत नाहीत."

रांगेतून कोणीतरी खिदळलं, "ए मशेरीवाली!" अनुपमाने वळून असं पाहिलं की ते खिदळणं तिथल्या तिथे गिळलं गेलं.

"आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट. सकाळी एकदा, झोपताना एकदा. आणि तुझं ते लाल मंजनही सोड. खरखरीत असतं, दात झिजतात. डबीवर आत काय आहे ते छापलेलं नसेल तर ती वस्तू तोंडात घालायची नाही, कोणी का दिलेली असेना. मी महिन्याने परत येते. चट्टा गेला नाही तर हिला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं."

"कशाला?"

"तपासायला."

इतक्या हळू म्हणाल्या त्या, की अनुपमाने प्रेमाचा हात घट्ट धरला. आणि मग तिच्या डोक्यात भसाभसा राग भरला.

घरापर्यंत ती प्रेमाला जवळजवळ फरफटतच घेऊन गेली. "कोणी दिली? आईने? सोनूबाईने? तोंड उघड ना!" प्रेमाने हात सोडवायचा प्रयत्न केला. "नको सांगू. मी बघते एकेकीला."

चाळीत शुक्रवार म्हणजे सोनूबाईचा मशेरी भाजायचा दिवस. आख्ख्या मजल्याची तंबाखू तिच्या एकटीच्या तव्यावर. स्टोव्ह गॅलरीत यायचा, तो जळका, तिखट वास उठला की तान्ही पोरं शिंकायची, आणि बायका आपापल्या डब्या घेऊन हजर. कोणाची पावडरची, कोणाची बामची. सकाळी मशेरी लावल्याशिवाय यांतल्या एकीचंही पोट साफ होत नसे. अनुपमाच्या जन्माच्या आधीपासून हे असंच चाललेलं.

तिने दप्तर फेकलं आणि स्टोव्हची चावी फिरवली. फुस्स.

"गो चेडवा! डोक्यात वारा गेला की काय तुझ्या?" सोनूबाई कडाडली.

"विष भाजताय तुम्ही, विष! आणि पोरांना चारताय!"

"माका शिकवतंस? सत्तर वर्सां झाली, माझो एक दात हालूक नाय!"

"हलणार कसे? राहिलेत कुठे? चार!"

शेजारची विमलाकाकी फस्सकन हसली. सोनूबाईने तिच्याकडे असं पाहिलं की काकीने तोंडाला पदर लावला.

अनुपमा थांबते कसली! वक्तृत्वात नव्हता लागला असा आवाज लागला होता. तिने प्रेमाचा ओठ सगळ्यांसमोर खाली ओढला. "बघा! नीट बघा! हॉस्पिटलात न्यावं लागेल म्हणाल्या डॉक्टर. कोणी दिली हिला?"

बायका पुढे सरकल्या. सोनूबाई वाकून वाकून तो चट्टा बघत राहिली. मग तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला. "देवाशपथ, पोराक मी कधीच देवूक नाय."

आई, रुक्मिणी, हातातली डबी घट्ट धरून दारात उभी होती. "मीपण नाही गं. मी तर डबी वरच्या फळीवर ठेवते. पोरींचा हातच पोचत नाही."

"पोचतो," प्रेमा म्हणाली. शाळेतून निघाल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य. "पिंपावर चढलं की पोचतो."

"तुला कोणी दाखवलं पिंपावर चढायला?"

प्रेमाने अनुपमाकडे बोट केलं.

"मी? वेडी आहेस का तू?"

"सहामाहीला. माझी दाढ दुखत होती, आई मामाकडे गेली होती. तुझा भूमितीचा पेपर होता ना दुसऱ्या दिवशी. तू म्हणालीस, 'रडू नको, माझी वाट लागेल उद्या.' मग पिंपावर चढून डबी काढलीस आणि बोटाने लावलीस. म्हणालीस, हे औषध आहे."

सगळं खरं होतं. अनुपमाला ती दुपारसुद्धा आठवली. दहा मिनिटांत रडणं थांबलं होतं, प्रेमा झोपली होती आणि प्रमेयं पाठ झाली होती. भूमितीत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस पडले होते. दाढेचं पुन्हा विचारायचंसुद्धा तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

गॅलरीत कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, निदान हसणारीवर तरी चिडता आलं असतं. सोनूबाईने मुकाट्याने तवा उचलला. आता हा राग न्यायचा कुठे?

दुसऱ्या दिवसापासून मोरीत युद्ध सुरू झालं. प्रेमाने नवा ब्रश दोनदा गॅलरीतून खाली टाकला. अनुपमाने दोनदा खाली जाऊन आणला, उकळत्या पाण्यात बुडवला आणि परत तिच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी प्रेमा तिच्या मनगटाला चावली. आईने डबी फळीवरून काढून कमरेला खोचली. सोडायला मात्र तिला जमेना.

"बघते ना ती तुझ्याकडे," अनुपमा धुमसायची.

"मग संडासला कशी जाऊ मी? तू सांग!"

"कशीपण जा! हिच्यासमोर लावायची नाही!"

आणि पुन्हा शुक्रवार आला. सोनूबाईने स्टोव्ह या खेपेला पार जिन्यापाशी नेला आणि तिथूनच ओरडली, "चेडवा, दार लाव गो! वास येतलो!"

वास आलाच. प्रेमाचं नाक वर झालं आणि ती पाढ्यांची वही टाकून दाराकडे धावली. अनुपमा तिच्याआधी पोचली, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसली.

"सोड! थोडीशीच! एकदाच!"

"नाही."

"तूच दिलीस ना!" प्रेमा दोन्ही मुठींनी तिच्या खांद्यांवर बुक्के मारू लागली. "तूच दिलीस! तूच!"

"हो, मीच दिली!" अनुपमा तिच्याहून मोठ्याने ओरडली, शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला इतक्या मोठ्याने. "मीच दिली, म्हणून मीच बसलेय इथे! मार अजून! मार!"

प्रेमा मारत राहिली. तवा थंड होऊन जिन्यापाशी घासला जायला लागला, तरी अनुपमा दारापासून उठली नाही.